कोरड्या गावाची समुद्रबंदी

समुद्रयात्रा कलिवर्ज्य आहे, असे आज कोणी पोथी उघडून सांगत नाही. राघोबादादांनी १७८१ साली विलायतेस धाडलेल्या वकिलांना परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले. आनंदीबाई जोशी यांना १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात उभे राहून आपण का जातो याचा जाहीर खुलासा करावा लागला. या गोष्टी आपण आता मुलांना हसत हसत सांगतो आणि त्या काळापासून आपण किती दूर आलो याचे समाधान मानतो. आम्हांस हे समाधान खरे वाटत नाही. समुद्रबंदी शास्त्रातून गेली; घरातून गेलेली नाही. पूर्वी ती धर्माच्या नावाने बोले, आता शहाणपणाच्या नावाने बोलते, एवढाच काय तो फरक.

याचा पडताळा पाहणे अवघड नाही. उद्या नवीन जालन्यातील दोन तरुणांनी, मग ते मित्र असोत, भाऊबहीण असोत वा नवराबायको असोत, घरात असे सांगितले की, आम्ही तीन वर्षे तयारी करून एका लहानशा नावेतून केवळ वल्ह्यांच्या बळावर अटलांटिक महासागर ओलांडणार आहोत, तर कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर काय बोलले जाईल? आपण कोरडवाहू मुलखातील माणसे, आपला आणि समुद्राचा संबंध काय? तुम्ही पडलात नवशिके. हा पैसेवाल्यांचा शौक. आणि सरतेशेवटी, याचा उपयोग काय? हे चार आक्षेप सुशिक्षित घरांतून इतक्या एकमुखाने निघतात की, त्यांचा क्रमाने विचार करणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप मुलखाचा. जालन्यापासून मुंबईचा किनारा सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, हे खरे. परंतु जालन्याच्या आसपास लोखंडाची खाणही नाही. तरी येथील कारखान्यांत रात्रंदिवस सळ्या ओढल्या जातात आणि त्या देशभर जातात. जे आपल्या अंगणात नाही ते मिळवून त्यावर पोट भरावयाचे, हाच या गावाचा धर्म आहे, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच धर्मातून निघाली. इतकेच नव्हे, तर २०१५ साली येथे ‘ड्राय पोर्ट’ची, म्हणजे चक्क कोरड्या बंदराची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्या वेळी हसणारा एकही गृहस्थ आम्हांस भेटला नाही. ज्या गावाला समुद्रावाचून बंदर चालते, त्याला समुद्रावाचून नाविक का चालू नये?

दत्तू भोकनळ हे नाव आक्षेपकांनी ऐकले असेल. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. पाण्यासाठी विहिरी खोदणाऱ्यांचे घर. २०१२ साली ते सैन्यात गेले, तेथे त्यांच्या हाती वल्हे आले, आणि अवघ्या चार वर्षांत, २०१६ साली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये वल्हवण्याच्या स्पर्धेत हिंदुस्थानातर्फे उतरलेला एकमेव गडी हाच होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नावेने सुवर्णपदक मिळविले, त्या चौघांतही हे होते. दुष्काळी तालुक्याने जो माणूस पाण्यावर धाडला, त्याला तालुक्याच्या पर्जन्यमानाचा कोष्टक आड आला नाही.

किंबहुना आम्ही असे म्हणू की, दुष्काळाच्या मुलखाने जे शिकविले ते महासागरावर वाया जात नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या घरोघरी गृहिणींनी घागरींचा जो हिशेब चालविला, पिण्याचे इतके, स्वयंपाकाचे इतके, उरलेले झाडाला, तोच हिशेब नावेत चालतो. तेथे चहूकडे पाणी असते आणि त्यातले घोटभरही पिता येत नाही. खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र नावेत असते. ते सूर्याच्या उजेडावर भरणाऱ्या विजेच्या साठ्यावर चालते. आकाश चार दिवस झाकोळले की यंत्र मंदावते, आणि मग हाताने पंप मारीत वाटीवाटीने पाणी काढावे लागते. असल्या प्रसंगी न घाबरता मोजून पिणारा माणूस बारमाही नदीच्या काठीच जन्मास येतो, असे कोणी सांगावे!

आता दुसरा आक्षेप, नवशिकेपणाचा. हाच खरा महत्त्वाचा. कारण यात अर्धे सत्य आहे. समुद्र नवशिक्याला क्षमा करीत नाही, हे अगदी बरोबर. परंतु यावरून नवशिक्याने समुद्राकडे पाहूच नये असे ठरत नाही. नवशिक्याने नवशिका राहून निघू नये, एवढेच ठरते. या दोन वाक्यांतील अंतर आमच्या घरांत कोणी मोजीत नाही, आणि सर्व घोटाळा तेथेच होतो.

आपल्याकडील उदाहरण घ्या. हिंदी माणसाने शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहत होते ते फलटणजवळील विंचुर्णीस, म्हणजे पर्जन्यछायेच्या मुलखात! कमांडर दिलीप दोंदे २००६ साली या कामास पुढे झाले. ते नौदलाचे अधिकारी खरे, पण एकट्याने शीड हाकीत महासागर ओलांडण्याच्या विद्येत तेही उमेदवारच होते. गोव्यात दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ ही नाव बांधली गेली. ती बांधली जाताना पाहणे, तिचा सांधा न् सांधा ओळखणे, जाणत्या दर्यावर्दींच्या हाताखाली राबणे, यांत सुमारे तीन वर्षे गेली. मग १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ते निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. तयारी तीन वर्षांची, प्रवास नऊ महिन्यांचा. हे प्रमाण प्रत्येक पालकाने वहीत टिपून ठेवावे.

जोडीचे उदाहरण त्याहून ताजे. लेफ्टनंट कमांडर दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ नावेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परत आल्या. त्यांच्याही तयारीस तीन वर्षे लागली. आधी इतरांबरोबर रिओपर्यंत जाऊन येणे, मग दोघींनीच पोर्ट ब्लेअर, मग दोघींनीच मॉरिशस, अशी पायरी पायरी चढून त्या केप हॉर्नला सामोऱ्या गेल्या. त्यांच्या नावेला शीड होते आणि पाठीशी नौदल होते, हा भेद आम्ही लपवीत नाही. वल्ह्यांच्या नावेला वारा ओढीत नाही. तिला माणूस ओढतो. परंतु म्हणूनच तयारीचा नियम तेथे सैल न होता अधिक कडक होतो.

ही तयारी म्हणजे काय, ते आमच्या वाचकांस थोडक्यात सांगतो. कॅनरी बेटांतील ला गोमेरापासून अँटिग्वापर्यंत सुमारे ३,००० मैलांची वल्हवण्याची शर्यत होते. तीत भाग घेणाऱ्याला आपल्याच नावेत किमान १२० तास वल्हविल्याचा दाखला द्यावा लागतो आणि त्यातले काही तास रात्रीचे असावे लागतात. दिशाज्ञान, बिनतारी संभाषण, प्रथमोपचार आणि बुडत्या नावेतून जीव वाचविणे, या विषयांचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते. नाव जेमतेम सात-आठ मीटर लांब, दोन्ही टोकांस घट्ट झाकणाच्या दोन कोठड्या. उलटली तर पुन्हा सुलटी व्हावी अशी तिची घडण, पण झाकण उघडे राहिले असेल तर ती घडण व्यर्थ. रिवाज असा की, दोन तास वल्हवायचे आणि दोन तास निजायचे, रात्रंदिवस, पन्नास-साठ किंवा अधिक दिवस. तळहात सोलतात, मिठाने बैठकीला फोड येतात, रोज पाच हजारांहून अधिक उष्मांक पोटात घालूनही अंग झडते. नावेच्या तळाला शिंपल्यांचे जीव चिकटून वेग मंदावला की, दोर कमरेला बांधून भर समुद्रात उतरावे लागते आणि ते खरवडावे लागतात. यांतील एकही गोष्ट जन्मजात येत नाही, आणि यांतील एकही गोष्ट शिकता येत नाही असेही नाही.

आणि जोडीची तयारी तर आणखी निराळी. एक वल्हवितो तेव्हा दुसरा निजतो. म्हणजे दोघांच्या सोबतीत दोघांनाही एकटेपणच अधिक. तांडेल कोण, अखेरचा शब्द कोणाचा, एकाने माघार घेतली तर दुसऱ्याने काय करावयाचे, हे सर्व किनाऱ्यावर असतानाच ठरले पाहिजे. २००१ साली टेनेरिफहून एक इंग्रज दांपत्य निघाले. पती अनुभवी वल्हेकरी, पत्नी डेब्रा व्हील नवशिकी. काही दिवसांतच उघड्या समुद्राच्या भयाने पतीला ग्रासले आणि त्यांना मदतीच्या नावेवर घ्यावे लागले. पत्नीने एकटीने वल्हे चालवून, निघाल्यापासून १११ दिवसांनी बार्बाडोस गाठले. यात पतीचा उपहास करण्याजोगे काही नाही. भय कोणाला कोठे गाठील हे सांगता येत नाही. परंतु नदीवरचा अनुभव म्हणजे समुद्रावरचा परवाना, आणि नवशिकेपण म्हणजे नालायकी, हे दोन्ही समज या एकाच प्रवासाने मोडीत काढले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तयारीने सर्व साधते असे तुम्ही सांगता. तसे आम्ही मुळीच सांगत नाही. १९६६ साली दोन जोड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडण्यास निघाल्या. रिजवे आणि ब्लाइथ हे दोन सैनिक ९२ दिवसांनी, ३ सप्टेंबर रोजी, आयर्लंडच्या इनिशमोर बेटावर उतरले. जॉनस्टोन आणि होअर यांची नाव ऑक्टोबरात उलटलेली सापडली. माणसे नव्हती, रोजनिशी होती, आणि तिच्यातील शेवटची नोंद त्याच ३ सप्टेंबरची होती. एकाच महासागरावर एकाच दिवशी एका जोडीला जमीन मिळाली आणि दुसरीची लेखणी थांबली. हे सत्य ज्याला मुलांपुढे मांडवत नाही, त्याने परवानगी देऊ नये. आणि ज्या मुलांना ते ऐकवत नाही, त्यांनी ती मागू नये.

तिसरा आक्षेप पैशाचा. खर्च मोठा आहे, यात शंका नाही. पण नाव प्रवासानंतर विकता येते आणि ती घेणारी दुसरी जोडी बहुधा वाट पाहत असते. एका रात्रीच्या मंडपासाठी आणि पंगतींसाठी कर्ज काढणाऱ्या समाजाने काटकसरीचा हा उपदेश तरुणांना करावा, हे आम्हांस जड वाटते. चौथा आक्षेप उपयोगाचा. आषाढीला नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पायी पंढरपूर गाठणाऱ्याला कोणी विचारीत नाही की, मोटार असताना चालण्याचा उपयोग काय. चालणे हेच तेथे साध्य आहे, हे आपल्याला आजीने शिकविले आहे. तेवढी समज वल्ह्याच्या वाट्याला यावी, इतकेच आमचे मागणे आहे.

परंतु नकार देणाऱ्यांवरच सगळा राग काढला तर तो अन्याय होईल. त्यांच्याइतकाच घातक असा एक दुसरा पक्ष आहे: टाळ्या वाजविणाऱ्यांचा. संकल्प जाहीर झाला की हा पक्ष सत्कार करतो, छायाचित्रे काढतो, शिवछत्रपतींच्या आणि आंग्र्यांच्या आरमाराचे दाखले देतो. आणि पोहता येते का, एवढा साधा प्रश्नही विचारीत नाही. आरमार घोषणांवर तरंगले नव्हते. ते सुतारांच्या, लोहारांच्या आणि भरतीओहोटी पाठ असलेल्या कोळी-भंडाऱ्यांच्या हातांवर तरंगले. निघण्यापूर्वी घातलेला हार तरुणाला मागे फिरण्याची लाज वाटावयास लावतो, आणि जो मागे फिरू शकत नाही तो समुद्रावर सर्वांत धोक्याचा मनुष्य होय. नकाराने तरुण घरी कुढतो; असल्या कौतुकाने तो बुडतो.

मग वडीलधाऱ्यांनी करावे काय? आमचे उत्तर असे की, परवानगीही देऊ नये आणि नकारही देऊ नये, परीक्षा घ्यावी. पहिल्या वर्षी पोहणे पक्के झाले काय? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळा-मुठेवर वल्ही मारीत आहे; तसल्या ठिकाणी जाणत्यांच्या नजरेखाली हात वळला काय? गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी जीवरक्षणाचे शिक्षण घेतले काय? कोकणातील एखाद्या तांडेलाबरोबर पावसाळा सरल्यावर रात्री समुद्रावर राहून ओकाऱ्या काढल्या काय? नाव मुद्दाम उलटी करून पुन्हा सुलटी करून पाहिली काय? यंत्र मोडले तर ते अंधारात दुरुस्त करता येते काय? आणि शेवटी, तुम्ही दोघे कडाडून भांडलात, तर त्या दिवशीही एकमेकांच्या पाळीला वेळेवर उठता काय?

या प्रश्नांची उत्तरे ज्या जोडीला देता येत नाहीत, तिला जालन्याच्या वेशीवरच थांबवावे. त्यात आम्ही आक्षेपकांच्या बाजूस आहोत. ज्या जोडीला ती देता येतात, ती नवशिकी राहिलेली नाही, आणि तिला थांबविण्याचा अधिकार कोरड्या मुलखाला, शेजाऱ्यांना अगर आपल्या भीतीला पोचत नाही. दोन वर्षांनी मुले स्वतःच म्हणाली की, आम्हांस हे झेपत नाही, तर तेही तितक्याच मानाने ऐकून घ्यावे. मात्र तो निर्णय पाणी पाहून झालेला असावा. पाणी न पाहता दिलेला निकाल, मग तो शास्त्रीबोवांचा असो वा पदवीधर वडिलांचा असो, आम्ही जुन्या समुद्रबंदीतच जमा करतो.