आकड्याची खूण, नावाची खूण

वेरूळचे कैलास लेणे पुरातत्त्वाच्या दप्तरी क्रमांक १६ आहे. दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. क्रमांक अभ्यासकाच्या सोयीचा, नाव पाहणाऱ्याच्या. अजिंठ्यास १५ आणि १६ या क्रमांकांच्या दरम्यान आणखी एक लेणे मागाहून नोंदले गेले, तेव्हा पुढील सर्व लेण्यांचे क्रमांक बदलण्यात आले नाहीत. नव्यास '१५ अ' म्हटले गेले. तोवर ग्रंथांत आणि नकाशांत जुने क्रमांक रूढ झाले होते.

संगणकावर लिहिलेल्या नियमावलीचे वा अभ्यासक्रमाचे वेब पान तयार करताना हे भान सहसा राखले जात नाही. अशा पानावरील प्रत्येक शीर्षकामागे एक अदृश्य खूण असू शकते. तिच्या आधारे दुवा वाचकाला थेट 'रजेचे नियम' या प्रकरणाशी नेऊन सोडतो. लिहिणाऱ्याने ही खूण दिली नाही, तर यंत्र आपल्या मर्जीने देते. काही यंत्रणा निरर्थक अक्षरे व आकडे यांची माळ गुंफतात. काही शीर्षकाच्याच शब्दांतून खूण घडवितात. दुसरी रीत शहाणपणाची वाटते खरी. परंतु मराठीपुढे तिचीही त्रेधा उडते. केवळ रोमन अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रणेत मराठी शीर्षकातून काहीच उरत नाही आणि सारी प्रकरणे 'विभाग १', 'विभाग २' अशी बिनचेहऱ्याची होतात. काही ठिकाणी अक्षरे राहतात, पण काना, मात्रा, वेलांटी गळून पडते. 'किल्ले'चे 'कलल' होते! अक्षरे शाबूत राहिली तरी दुवा नकलून दुसरीकडे चिकटविताच 'इतिहास' या साध्या शब्दाची टक्केचिन्हांनी भरलेली ५४ चिन्हांची रांग होऊ शकते. मराठी विकिपीडियाच्या विभागखुणाही पूर्वी अशाच सांकेतिक होत्या. २०१७ च्या सुमारास तेथे मूळ अक्षरे दिसू लागली.

शीर्षकावर बेतलेल्या खुणेचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. शीर्षक बदलले की तीही बदलते. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या पानांवर जुन्या नावाचे शीर्षक होते, तेथे ते बदलणे रास्तच होते. पण खूण यंत्राने घडविलेली असेल, तर तेवढ्या दुरुस्तीनेच तिच्याकडे येणारे सारे दुवे निकामी होतात. वाचकाला त्याची वार्ताही लागत नाही. पान उघडते, परंतु पहिल्या ओळीवर. चाळीस पृष्ठांच्या पुस्तिकेत शुल्काचा तक्ता शोधणाऱ्या विद्यार्थ्याची समजूत अशी होते की, तो तक्ता तेथे नाहीच. नाव बदलले तरी शहराचा ४३१००१ हा पिन आणि वाहनांवरील 'एमएच २०' ही अक्षरे कायम राहिली, हे येथे आठवावे.

मग आकडेच बरे, असा युक्तिवाद कोणी करील. शासन निर्णयांवर अठरा अंकी संकेतांक असतो आणि तो शोधाला उपयोगी पडतो, यात शंका नाही. तथापि कोणत्याही कार्यालयातील लिपिक निर्णय आठवतो तो विभाग आणि दिनांक यांवरून. आकडा टिकतो, पण बोलत नाही. चुकीचा दुवा दिला गेला तर तो पाहून कोणाच्याही ध्यानी येत नाही.

म्हणून खूण माणसाने द्यावी: लहान, वाचता येणारी, आणि एकदा दिली की न बदलणारी. 'शुल्क', 'रजा', 'निवृत्तिवेतन' एवढेही पुरे. ती देवनागरीत असावी हे उत्तम. परंतु जेथे यंत्र अक्षरांची मोडतोड करते तेथे हेच शब्द रोमन लिपीत लिहिण्यात भाषेचा अवमान मानण्याचे कारण नाही, कारण खूण शीर्षकामागे राहते आणि शीर्षक मराठीच असते. शीर्षकाला खूण देण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. शीर्षक पुढे बदलले तरी खूण तीच ठेवावी. नवी देणे भागच पडले, तर त्याच जागी जुनीही राहू द्यावी. वेब पानात एका ठिकाणी दोन खुणा सुखेनैव नांदतात.