नाचऱ्या गाण्याचा मान

८ सप्टेंबर जवळ आला की सांगली-साताऱ्याकडे गाण्यांच्या कार्यक्रमांचे फलक दिसू लागतात. १९३३ साली याच दिवशी सांगलीत आशा भोसले यांचा जन्म झाला आणि कृष्णाकाठाला हे नाते मिरवायला आवडते. मिरवावेच. मात्र अशा कार्यक्रमांत एक गोष्ट बहुधा खटकते. भावगीते भरपूर असतात, नाट्यगीतांना मान असतो, गझलेआधी निवेदकाची पल्लेदार प्रस्तावना असते. आणि नाचाची गाणी येतात अगदी शेवटी, ‘आता थोडं तरुणाईसाठी’ अशा सवलतीच्या सुरात.

या सवलतीची आशाबाईंना गरज नाही. ग्रॅमीच्या स्पर्धेत त्यांचे नाव दोनदा पोहोचले. पहिल्यांदा १९९७ मध्ये, उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबरच्या ‘लेगसी’ या अल्बमसाठी. त्यातल्या बंदिशींबद्दल आपण भारदस्तपणे बोलतो. दुसरे नामांकन २००६ चे. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनॉस क्वार्टेटने राहुलदेव बर्मन यांची गाणी व्हायोलिन, व्हियोला, चेलोवर बसवली आणि ती गायला मूळ गळाच बोलावला. झाकिर हुसेन तालवाद्यांवर होते, वू मान पिपा या चिनी वाद्यावर. सत्तरी ओलांडलेल्या आशाबाई त्यात ‘कारवाँ’मधले ‘पिया तू’ पुन्हा गायल्या. १९७१ साली हेलनच्या नृत्याने गाजलेले हे गाणे तेव्हाच फिल्मफेअर मिळवून गेले होते. तरी घरातल्या मोठ्यांसमोर ते गुणगुणायची चोरी होती.

त्या वर्षी समकालीन जागतिक संगीताच्या गटात ग्रॅमी मिळाले ब्राझीलच्या गिल्बेर्तो जिल यांना. जिल तेव्हा आपल्या देशाचे सांस्कृतिक मंत्री होते. (मंत्र्याने स्वतः गाऊन बक्षीस आणावे, याचा आपल्याकडे विचारही नको.) ज्या लॅटिन अमेरिकेतून आपल्या सिनेमाने ताल आणले, तिथल्याच गायकाने बाजी मारली.

ते ताल इथवर कसे आले, हा खरा रसाळ भाग. १९५० च्या ‘समाधी’त सी. रामचंद्र यांनी ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ दिले. चाल कार्मेन मिरांडाच्या एका हॉलिवूडपटातल्या गाण्यावरून उचललेली. गायल्या लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी: एक सांगलीत बालपण गेलेली, दुसरी विजापूरकडची. म्हणजे ब्राझीलची लय हॉलिवूडमार्गे मुंबईला आली आणि गळे मिळाले कृष्णाखोऱ्याच्या आसपासचे. पुढच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. सी. रामचंद्रांच्या पाठीशी हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. बोंगो-कोंगा फिल्मी वाद्यवृंदात रुळवले कावस लॉर्ड या पारशी वादकाने. राहुलदेव ऊर्फ पंचमच्या काळात तर ब्राझीलकडचे रेको-रेको अमृतराव काटकरांच्या हाती आले आणि त्याचे ‘रेसो-रेसो’ झाले. खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून निघणारा तो खर्रखर्र आवाज कितीतरी गाण्यांत आहे. तबल्यावर मारुतीराव कीर. ही सगळी मंडळी काढली, तर ज्या गाण्यांवर आपण ठेका धरतो त्यांच्यात उरते काय?

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे सगळे उसनेच ना? उसनेच. पण उसनवारीला नाक मुरडण्याचा अधिकार निदान सांगलीला नाही. विष्णुदास भाव्यांच्या ज्या ‘सीतास्वयंवरा’पासून १८४३ मध्ये मराठी नाटकाची सुरुवात मानली जाते, त्याला प्रेरणा होती कर्नाटकातून आलेल्या खेळांची. किर्लोस्करांच्या नाट्यपदांत कानडी चाली आल्या. मास्टर दीनानाथांनी रंगभूमीवर पंजाबी ढंग आणला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पंजाब चालतो, कर्नाटक चालतो, क्यूबा-ब्राझील मात्र थिल्लर, हा न्याय कुठला? चाल कुठून आली याइतकेच ती गळ्याने कुठे नेली, हेही पाहायचे असते. जेमतेम श्वास उरेल अशा लयीत सूर न सांडता गाणे ही चैन नव्हे, मेहनत आहे; तानेला दाद देणाऱ्याने इथेही द्यावी.

हा दुजाभाव आपलाच, असेही नाही. युरोपात १९५६ पासून युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा होते. २०१८ मध्ये लिस्बनला सायप्रसने ‘फुएगो’ हे लॅटिन ठेक्याचे नाचगाणे उतरवले आणि दुसरा क्रमांक मिळवला. ते गाणारी एलेनी फुरेरा अल्बेनियात जन्मलेली, ग्रीसमध्ये वाढलेली. २०२२ मध्ये स्पेनने क्यूबात जन्मलेल्या चॅनेलचे ‘स्लोमो’ पाठवायचे ठरवले, तेव्हा देशातच गदारोळ झाला. परीक्षकांनी हिला निवडलेच कसे, आशयाची गाणी डावलून हे काय पाठवता, असा मारा इतका झाला की तिने ट्विटर सोडले. तूरिनला गाणे तिसरे आले. १९९५ नंतर स्पेनला इतके यश मिळाले नव्हते. मग तीच चॅनेल देशाचा अभिमान ठरली. बक्षिसाआधी नाक मुरडायचे आणि बक्षिसानंतर हार घालायचे, ही रीत माद्रिदचीही आहे.

साताऱ्याला ती नवी नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी आयुष्यभर लावणी गायली, नाचली, अदा केली. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. त्याआधी ‘घरंदाज’ माणसांनी फड किती चोरून पाहिला असेल, ते सांगायला नको. रेठरे हरणाक्ष हे आज सांगली जिल्ह्यातले, पण तेव्हा साताऱ्यातले गाव. तिथला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात गेला म्हणून जातगोताने त्याच्यावर पाणी सोडले. त्याच्याच लावण्या पठ्ठे बापूरावांच्या म्हणून अजून वाजतात. ढोलकी आणि बोंगो यांना मिळालेली वागणूक एकसारखीच आहे. पायाला चाळवणारे ते हलके, मान डोलवायला लावणारे ते थोर, अशी ही वाटणी. ‘नाच रे मोरा’ मात्र शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात चालते. शब्द शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचे, आवाज आशाबाईंचा, आणि नाचणारी मुले लहान, म्हणून कोणाची हरकत नाही!

तेव्हा सांगली-साताऱ्याच्या आयोजकांना एक विनंती. यंदा मध्यंतरानंतरचा पहिला, भरल्या सभागृहाचा तास नाचाच्या गाण्यांना द्या. निवेदकाने कवी-संगीतकारांबरोबर कावस लॉर्ड, चिक चॉकलेट, मारुतीराव कीर, अमृतराव काटकर ही नावेही घ्यावीत, आणि त्या रात्री व्यासपीठावर बोंगो वाजवणाऱ्या स्थानिक पोराचे नाव फलकावर गायिकेच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे.