तण मेलं, पण निंदणाऱ्या बाईच्या रोजीचं काय?

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेने बंदी झुगारून तणनाशक-सहनशील कापूस पेरला. मागणी होती तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची. या कपाशीवर ग्लायफोसेट फवारले तर तण मरते, पीक टिकते, निंदणाचा खर्च वाचतो. मित्रांनो, हा वाचलेला खर्च म्हणजे कोणाची तरी मजुरी आहे.

वऱ्हाडात निंदण-खुरपण बाया करतात, आणि त्यात आपल्या वस्तीतल्या भूमिहीन बाया मोठ्या संख्येने आहेत. सोयाबीनमध्ये तर बंदीचाही प्रश्न नाही. रुंद पानांचे आणि गवतवर्गीय तण एकाच फवाऱ्यात मारणारी फ्लुअझिफॉप-फोमेसाफेनसारखी जोड-औषधे दुकानात उघड मिळतात. बाईचे निंदणाचे दिवस गेले आणि फवारणीचा पंप तिच्याच घरातल्या पोराच्या पाठीवर आला.

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण पंप वाहणारी पाठ तीच आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकेही येतात आणि १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ते कोणाला मिळाले?

मग तणनाशकाला विरोध करायचा का? नाही. दिवसभर वाकून खुरपणे ही काही आपली संस्कृती नव्हे, ती लादलेली गरज आहे. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील लेखात मांडले होते की शेतीवर अतिरिक्त माणसांचा भार आहे आणि त्यावर उपाय उद्योगीकरणाचा आहे. म्हणजे माणूस शेतातून बाहेर पडावा, पण दुसऱ्या कामावर जावा. आज तो नुसताच बाहेर पडतो आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. निंदणाच्या हंगामात रोजगार हमीची कामे गावातच सुरू करा. फवारणीची मजुरी वेगळी आणि जास्त ठरवा. हातमोजे, मास्क, कपडे मालकाने द्यावेत. विषबाधा झाली तर मजुरालाही भरपाई मिळावी, सातबारा नाही म्हणून त्याला परत पाठवू नये.

येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा. शेतमालकाच्या स्वातंत्र्याची भाषा गावाने खूप ऐकली. आता मजुराच्या हक्काचीही ऐकू द्या.

जय भीम!