अख्खं एमए जमत नाही. एकच पेपर शिकता येतो का?

सेलू : बीए, बीएस्सी झालं. पुढे शिकायची इच्छा आहे, पण दोन वर्षं रोज वर्धा नाहीतर नागपूर करणं जमत नाही. कुणाच्या मागे कपाशी-सोयाबीन, कुणाची नोकरी, कुणाचं लेकरू लहान. हिंगणी, केळझर, सिंदी रेल्वे, आपल्या तालुक्यात कुठेही जा, असे पदवीधर भेटतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की अख्खं एमए-एमएस्सी राहू द्या, आवडीचा एक विषय त्या दर्जाचा शिकता येईल का? आणि पुढे कधी प्रवेश घेतलाच, तर तो धरतील का?

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत यासाठी वेगळा अर्जच असतो. पदवीला प्रवेश न घेता एक-दोन विषयांची फी भरायची, वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची. आपल्याकडे जुनी वाट म्हणजे प्रायव्हेट फॉर्म. पण तो भरला की परीक्षा पूर्ण पदवीची. सुट्या पेपरची सोय त्यात नव्हती.

2021 मध्ये युजीसीने दोन नियम आणले, तिथून थोडा फरक पडला. पहिला अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसी. पास झालेल्या विषयाचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. दुसरा नियम ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलचा. विद्यापीठाला अभ्यासक्रमातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेऊ देता येतात. पोर्टलवर नाव नोंदवायला कुठे प्रवेश घेतलेला असावा लागत नाही, शिकायला पैसेही लागत नाहीत. सेलूच्या माणसासाठी आजच्या घडीला खरी उघडी असलेली खिडकी हीच, असं आमचं मत आहे.

आता यातली मेख. क्रेडिट जमा झाले म्हणजे पदवी जमा झाली असं नाही. ते धरायचे की नाही, हे तुम्ही ज्या विद्यापीठात प्रवेश घ्याल ते ठरवतं. विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळला पाहिजे. बँकेत पैसे ठेवले तर कुठल्याही दुकानात चालतात. इथे दुकानदार आधी नोट पाहतो, मग घेतो. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. पुढे नागपूर विद्यापीठ, नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू यांपैकी कुठे जायचा विचार आहे ते ठरवा, विषयाचं नाव आणि क्रेडिट लिहून तिथे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर कुणी ‘हो, होऊन जाईल’ म्हटलं तर त्यावर परीक्षेची फी भरू नका. क्रेडिट दाखवून घरबसल्या एका वर्षात एमए करून देतो म्हणणारा एजंट आला, तर चहा पाजून रवाना करा.

‘स्वयम’वरचे विषय साधारण जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत सुरू होतात. त्यातल्या एनपीटीईएलच्या विषयांत 12 आठवड्यांच्या विषयाला 3 क्रेडिट, 8 आठवड्यांच्या विषयाला 2. मोबाईलवर व्याख्यानं पाहायची, दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत टाकायची. असाइनमेंटचे 25 गुण आणि परीक्षेचे 75. परीक्षा मात्र घरून होत नाही, ओळखपत्र घेऊन केंद्रावर जावं लागतं आणि फी तेवढी तिचीच लागते. खरी अडचण भाषेची. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोराने आधी एखादा 4 आठवड्यांचा विषय करून पाहिलेला बरा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत जुलै सत्राची परीक्षा जवळ येते, तेही हिशेबात धरा.

आणखी एक गोष्ट बायांसाठी. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लागतं, मार्कशीटवर मात्र माहेरचंच राहतं. एबीसीचं खातं डिजिलॉकरमधून, आधारच्या माहितीवर उघडतं. परीक्षेच्या फॉर्मवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असलं, की तीन महिन्यांची मेहनत केंद्राच्या दारात अडकू शकते. फॉर्मवर कोणतं नाव टाकायचं ते नोंदणीच्या दिवशीच ठरवा, आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र फाईलमध्ये लावून ठेवा.