फोटोच्या मागचे नाव

गेल्या महिन्यात आमची आपा आणि कॅलिफोर्नियाहून आलेला तिचा मुलगा आमच्याकडे जेवायला होते. जेवण झाले, दस्तरखान उचलायचे होते, तेवढ्यात भाच्याने बॅगेतून प्लास्टिकची एक पातळ पिशवी काढून आमच्या हातात दिली. आत तपकिरी झालेले एक कार्ड. त्यावर बॅट घेतलेला एक तरुण उभा. उन्हामुळे त्याचे डोळे बारीक झालेले, आणि कार्डाची खालची कड फाटलेली.

"बघ रे भाई," आपा म्हणाली, "लोकांची मुलं येताना घड्याळ आणतात, अत्तर आणतात. यानं परक्या माणसाचा फाटका फोटो आणलाय. आणि त्याला पैसे मोजलेत!"

आम्हीही हसलो. भाचा मात्र रागावला नाही. "मामू, दहा मिनिटं ऐका, मग हसा," म्हणाला. दहा मिनिटांचे दोन तास झाले. या महिन्याचे आमचे पान त्या दोन तासांचे आहे.

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आपल्याकडे जसा वर देशाचा क्रिकेट संघ आणि खाली जिल्ह्यांचे, शहरांचे संघ, तसेच तिकडेही आहे. वरच्या स्पर्धांना मेजर लीग म्हणतात आणि खालच्यांना मायनर लीग. लहान गावांचे, गिरणी आणि खाणींच्या वस्त्यांचे संघ या मायनर लीगमध्ये खेळत. त्यांतल्या कित्येक स्पर्धा दोन-चार हंगाम चालल्या आणि पैसे संपले तशा बंद पडल्या. खेळाडू पांगले. मागे काय राहिले? वर्तमानपत्रातली कात्रणे, संघाचा एखादा फोटो आणि अशी कार्डे.

कार्डांची सुरुवात सिगारेटच्या पाकिटातून झाली. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. मग कुणाच्या तरी डोक्यात आले की त्या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल. १८८६ ते १८९० या काळात 'ओल्ड जज' सिगारेटबरोबर खेळाडूंचे खरेखुरे छोटे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून दिले जात, आणि त्यांत मायनर लीगचे खेळाडूही होते. तेव्हाचा कॅमेरा धावता चेंडू टिपू शकत नव्हता. म्हणून स्टुडिओत चेंडू दोऱ्याने टांगत आणि खेळाडू तो झेलण्याचा आव आणून उभा राहत. काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो.

आम्ही शिक्षक, त्यामुळे आमच्या कपाळाला आठी पडली. तंबाखू विकायला मुलांच्या शौकाचा उपयोग! भाचा म्हणाला, "म्हणूनच माझं कार्ड मिठाईवालं आहे." सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मिठाई कंपनीने १९११ ते १९३८ पर्यंत 'झीनट' नावाच्या खाऊबरोबर कार्डे दिली. त्यांवर बहुतेक पॅसिफिक कोस्ट लीगचे खेळाडू. ही लीग नावाला मायनर; पण १९५८ पर्यंत कॅलिफोर्नियात मेजर लीगचा एकही संघ नव्हता, त्यामुळे तिथल्या पोरांचे हिरो हेच. पुढे देशभर गाजलेला जो डिमॅजिओ १९३३ साली अठराव्या वर्षी याच लीगमध्ये खेळत होता. झीनटच्या कार्डावर त्याच्या आडनावाचे स्पेलिंग चुकलेले आहे.

आणि फाटलेली कड? बऱ्याच वर्षांच्या झीनट कार्डांना खाली कुपन असे. कुपने फाडून दिली की बक्षीस मिळे. मुलांनी अर्थातच ती फाडली. त्यामुळे आज कुपनासकट असलेले कार्ड दुर्मिळ आणि महाग, बिनकुपनाचे त्या मानाने स्वस्त. "मला परवडलं ते हेच," भाचा म्हणाला. "पण मामू, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पोरगं हे कुपन फाडून बक्षीस आणायला पळत गेलं असेल. त्या पोराचा आनंदही या कडेला लागलेला आहे." आपा काही बोलली नाही, पण तिने कार्ड पहिल्यांदाच हातात घेतले.

मग पैशांचा प्रश्न निघाला, कारण तो घरात निघतोच. १९१४ साली बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्राने तिथल्या मायनर लीग संघाची कार्डे काढली. त्यात एक नवखा पोरगा होता, बेब रूथ. पुढे तो बेसबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू ठरला. पेपर टाकणाऱ्या एका मुलाने ते कार्ड जपले, आणि त्याच्या कुटुंबाने शंभराहून अधिक वर्षे सांभाळले. २०२३ च्या लिलावात त्या कार्डाला ७२ लाख डॉलर मिळाले.

आपाचे डोळे विस्फारले. आम्हाला मात्र इथेच भीती वाटते. असले आकडे ऐकून माणसे बंद पाकिटांवर पाकिटे घेत सुटतात. आत काय निघेल ते नशीब. तो शौक राहत नाही, लॉटरी होते. भाच्याला आम्ही तोंडावर विचारले. त्याचे उत्तर सरळ होते. "बंद पाकीट मी घेत नाही. डोळ्यांनी बघतो, भिंग लावतो, मग घेतो. महिन्याची रक्कम ठरलेली आहे आणि ती तुमच्या सुनेला माहीत असते." भिंगाची युक्तीही त्याने दाखवली. छापील चित्र भिंगाखाली ठिपक्यांचे दिसते, खरा फोटो तसा दिसत नाही. जुन्या फोटोच्या नव्या छापील नकला पुष्कळ विकल्या जातात, त्या अशा पकडता येतात.

पण ज्या गोष्टीने आमचे हसू थांबले, ती पैशांची नव्हती.

१९१६ साली जिमी क्लॅक्सटन नावाचा डावखुरा गोलंदाज ऑकलंडच्या संघात आला. त्या काळी गोऱ्यांच्या संघांत काळ्या खेळाडूला जागा नव्हती. क्लॅक्सटनच्या अंगात काळ्या वंशाचे रक्त होते, पण तो अमेरिकेचा मूळ आदिवासी आहे असे सांगून त्याला घेतले गेले. २८ मे रोजी तो एकाच दिवसाच्या दोन्ही सामन्यांत खेळला. योगायोगाने त्याच सुमारास झीनटचा फोटोग्राफर हजर होता. त्याने फोटो घेतला. आठवड्याच्या आत क्लॅक्सटनला काढून टाकले. कारण सांगितले नाही, पण कारण त्याला कळले होते. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला तो १९४७ साली, म्हणजे एकतीस वर्षांनी. क्लॅक्सटनला काढता आले. छापलेले कार्ड मात्र परत घेता आले नाही. गोऱ्यांच्या त्या संघाच्या गणवेशात तो उभा होता, याची साक्ष आजही मिठाईबरोबर वाटलेला तो कागदाचा तुकडा देतो.

संघांच्या फोटोंचीही अशीच कथा. १८८७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहराच्या संघात रॉबर्ट हिगिन्स हा काळा गोलंदाज होता. संघाचा फोटो काढायच्या दिवशी डग क्रॉथर्स नावाच्या गोऱ्या खेळाडूने हिगिन्सबरोबर बसायला नकार दिला, आणि संघाने क्रॉथर्सलाच निलंबित केले. पण त्याच वर्षी जुलैत लीगच्या मालकांनी ठरवले की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. म्हणून जुना फोटो हातात आला की जाणकार संग्राहक कोण आहे एवढेच बघत नाही, कोण नाही हेही बघतो. शर्टावरचे गावाचे नाव, पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का आणि मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे यांवरून तो शोध घेतो. मागे नावे असतील तर फोटो बोलतो. नसतील तर ती नुसतीच दहा-बारा माणसे.

त्याच सिराक्यूज शहरात जेफरसन बर्डिक नावाचा एक साधा माणूस राहत असे. विजेचे सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम, लग्न नाही, संधिवाताने वाकलेली बोटे. त्याने आयुष्यभर तीन लाखांहून जास्त छापील कार्डे आणि चित्रे जमवली, त्यांची वर्गवारी लावली आणि सगळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. त्या दुखऱ्या बोटांनी तो म्युझियममध्ये बसून वर्षानुवर्षे ती आल्बममध्ये लावत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले, आणि मार्चमध्ये तो वारला. विकून श्रीमंत होता आले असते. त्याने ती अमानत समजून सांभाळली आणि सर्वांच्या हवाली केली.

हे सगळे सांगून झाल्यावर भाच्याने विचारले, "मामू, आपल्या घरात नाही का असा एखादा फोटो?"

होता. ट्रंकेच्या तळाशी, अब्बांच्या शाळेच्या हॉकी संघाचा, १९५९ सालचा. अकरा मुले आणि मध्ये खुर्चीवर सर. मागे फक्त सन, एकही नाव नाही. अब्बांचा इंतकाल होऊन चार वर्षे झाली. ते होते तेव्हा हा फोटो कितीदा निघाला असेल! त्यांनी तोंडाने नावे सांगितलीही असतील. आम्ही शाळेत मुलांना सांगतो, ऐकाल ते लिहून ठेवा. घरात आम्ही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आम्ही अब्बांच्या एका दोस्ताकडे गेलो. चाचांचे वय त्र्याऐंशी, नजर अधू. त्यांनी फोटो खिडकीजवळ नेला, भाच्याचे भिंग घेतले आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. हा पुढे रेल्वेत लागला. हा कराचीला गेला. हा तुझा बाप, बघ, स्टिक कशी धरलीय. सरांचे नाव त्यांनी आदराने घेतले. आम्ही पेन्सिलीने वहीत लिहीत गेलो. शेवटच्या मुलावर मात्र बोट थांबले. "हा गोलकीपर. याच्यासारखा गोलकीपर पुन्हा झाला नाही. डाव्या गालावर चेंडू लागला होता, तरी उठला आणि खेळला." मग बराच वेळ ते गप्प राहिले. "नाव... नाव गेलं, बेटा. तुझ्या बापाला आठवलं असतं."

वहीत त्या जागी आम्ही 'गोलकीपर' एवढेच लिहिले आहे आणि पुढे जागा सोडली आहे.

वाचकहो, बेसबॉलची कार्डे जमवा असे आम्ही सांगत नाही. पण तुमच्या घरी लग्नाचा, शाळेचा, संघाचा, मदरशाच्या वर्गाचा जुना फोटो असेल तर या जुम्म्याला तो बाहेर काढा. त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि डावीकडून उजवीकडे नावे विचारा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा ठसा पुढे उमटतो. नावे वहीतही उतरवून ठेवा.

भाचा परवा परत गेला. विमानतळावर जाण्याआधी आपाने ते फाटके कार्ड स्वतःच्या हाताने त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवले. "वाकू देऊ नकोस," म्हणाली.