प्रेसचे दार आणि कायद्याचे दार

कापसाच्या प्रेसमध्ये कामगाराचा हात सापडला की दुसऱ्या दिवशी एकच वाक्य ऐकू येते: “त्याचेच लक्ष नव्हते.” मालक म्हणतो, ठेकेदार म्हणतो, मुकादम म्हणतो. हळूहळू घरचेही तसेच म्हणू लागतात. आमचे भांडण या वाक्याशी आहे, कारण ते खोटे आहे. ज्या यंत्रणेने तो हात वाचायला हवा होता, ती कोणी निकामी केली हा प्रश्न हे वाक्य कधी पुढे येऊच देत नाही.

आधी ती यंत्रणा समजून घेऊ. जिनातून निघालेली रुई प्रेसच्या पेटीत पडते. पेटी भरली की हायड्रॉलिक रॅम तिला दाबतो आणि साधारण १७० किलोची गाठ तयार होते. दाबलेली रुई मुकाट बसत नाही. ती चहूबाजूंनी फुगायला बघते आणि तो सगळा जोर पेटीच्या दारांवर येतो. म्हणून दारांना भक्कम अडसर लागतो. जुन्या प्रेसवर तो हाताने दांडा फिरवून लावतात, नव्या प्रेसवर हायड्रॉलिक सिलिंडर तो सरकवतो. अनेक प्रेसमध्ये गाठ दाबलेली असतानाच दारे उघडून पट्ट्या किंवा तारा बांधाव्या लागतात. अडसर सुटतो त्या क्षणी आतली रुई दाराला बाहेर ढकलते.

तेव्हा या अडसराची कामे दोन. दार पुरते बसल्याशिवाय रॅम हलता कामा नये. आणि दाराच्या झेपेत माणूस उभा असताना अडसर सुटता कामा नये. दार बसले की नाही हे कळवायला लिमिट स्विच असतो. स्विचचा होकार नाही तर रॅम जागचा हलत नाही. यात अवघड असे काहीच नाही. अभियंत्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे.

मग अपघात का होतात? दाराच्या फटीत रुई अडकते. दार पुरते बसत नाही, स्विच होकार देत नाही, प्रेस थांबते. दर वेळी पंप बंद करून फट साफ करायची तर दिवसाच्या गाठी कमी भरतात. आणि मजुरी गाठीमागे ठरलेली असेल तर गाठ कमी म्हणजे घरी नेण्याचा पैसा कमी. मग एक दिवस स्विचला तार गुंडाळली जाते. ‘दार बंद आहे’ असे यंत्राला कायमचे खोटे सांगून ठेवले जाते आणि फटीतली रुई चालत्या यंत्रात हाताने काढली जाते. तार कोणाच्या बोटांनी गुंडाळली, हा प्रश्न गौण आहे. ती गुंडाळायला लावली गाठीमागच्या दराने, आणि तो दर कामगाराने ठरवलेला नाही.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम संरक्षण बसवायला आणि यंत्र चालू असताना ते जागेवर ठेवायला सांगितले. १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७अ ने कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखाना ताब्यात असणाऱ्यावर टाकली आणि ७ब ने यंत्र बनवणाऱ्यालाही सोडले नाही. कागदावर सगळे चोख. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक चोरवाट होती. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले किंवा धुडकावले असे दाखवता आले, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नसे. एका हाताची तीन बोटे गेली तर त्याच कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या ताकदीची हानी ३० टक्के धरली होती. म्हणजे हे संपूर्ण अपंगत्व नव्हे. म्हणजे इथे मालकाला ती चोरवाट मोकळी! ‘त्याचेच लक्ष नव्हते’ हे वाक्य इतक्या तत्परतेने का उच्चारले जाते, ते आता कळेल. ती नुसती हळहळ नाही, तो बचावाचा पहिला मसुदा आहे.

मग राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय? तिथे कामावरच्या दुखापतीसाठी वर्गणीचे महिने मोजले जात नाहीत. कायमचे अपंगत्व आले तर दरमहा पैसे मिळतात. पण तो १९४८ चा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय, ते सांगताना कायद्याने कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिले होते. कारकुनाच्या चुकीने हे सुटले असे कोणी म्हणू नये. नाव घेऊन बाहेर ठेवले आहे. गावकुसाबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

हे आजचेही नाही. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगची साक्ष झाली. पहाटे ४ ते रात्री १० असे अठरा तास काम आणि मजुरी तीन-चार आणे, तीही बहुतेक बायांची. तेव्हाही कायदा ‘हंगामी’ या शब्दाआड लपला होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या काळात फॅक्टरी कायद्याची १९४६ ची दुरुस्ती झाली. तिने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला आणि हंगामी कारखान्यांचाही कमी केला. १९४८ मध्ये फॅक्टरी कायद्याने हा बारमाही-हंगामी भेदच पुसला. जो भेद कामाच्या तासांतून गेला, तो विम्यात मात्र टिकून राहिला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्याला ईएसआयच्या बाहेरच ठेवले आहे. शिवाय सुरक्षाविषयक संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. दार आणखी जड झाले.

आमच्यातलेच काही जण विचारतील, आंबेडकरी चळवळीने यंत्राच्या अडसरात आणि स्विचात कशाला पडायचे? आम्ही उलट विचारतो, पडायचे नाही तर मग कशात पडायचे? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. एका खात्याच्या दारावर जातीचे कुलूप आहे, हे त्यांनी कामगार पुढाऱ्यांना दाखवले. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही शत्रूंची नावे घेतली. आपण पहिले नाव रोज घेतो. दुसरे नाव घेताना आवाज का बसतो?

यंत्राला आमचा विरोध नाही. चरख्याची आरती बाबासाहेबांनी कधी गायली नाही. यंत्राने माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून फुरसत द्यावी, असेच त्यांचे म्हणणे होते. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजव्यवस्थेच्या हातात आहे तिचा आहे, हेही त्यांनी सांगितले. म्हणूनच ‘स्वयंचलित प्रेस आल्या की प्रश्न मिटेल’ हे आश्वासन आम्ही मान्य करत नाही. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला सरकारी पैसा मिळाला. रुईत कचरा जाऊ नये, हा त्यामागचा मोठा हेतू. रुई स्वच्छ राहावी, जरूर राहावी. पण तिच्यात बोटेही जाऊ नयेत, हे कोणी तपासायचे? गाठीमागचा दर तोच राहिला तर नव्या सेन्सरलाही तार गुंडाळता येते.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत.

प्रेसवरच्या माणसाला गाठीमागे नव्हे, दिवसामागे पगार द्या. तार गुंडाळण्याचे कारणच संपेल. दाराचा स्विच बांधलेला आढळला तर प्रेस तिथेच बंद करा आणि जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची धरा. फट साफ करताना पंप बंद करून त्याची किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात असू द्या. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची तपासणी हंगाम ऐन भरात असताना होऊ द्या, जिन ओस पडल्यावर नव्हे. आणि ईएसआयच्या व्याख्येतून जिनिंग-प्रेसिंगचे नाव काढा.

यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्धा, जळगाव या जिल्ह्यांत दर हिवाळ्यात या प्रेस चालतात. तिथे काम करणारी माणसे आपल्याच वस्त्यांतली, आदिवासी पाड्यांतली आणि भूमिहीन बहुजनांच्या घरांतली आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालतो. हंगाम सुरू झाला की एकदा त्यांच्या प्रेसपर्यंतही चालत जाऊ या. दाराचा स्विच मोकळा आहे की बांधलेला, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.

जय भीम.