आधी खांदा मोजा, मग दस्ता निवडा

"दीदी, आजोबांची .३१५ आहे घरात. लाकूड काढून अ‍ॅल्युमिनियमची चासी बसवू का?" कोलकात्याच्या रेंजवर हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. विचारणारा सहसा तिशीतला असतो. लायसन्स वारशाने नुकतंच त्याच्या नावावर झालेलं असतं आणि मोबाइलवर त्याने परदेशी रायफलींचे फोटो पाहिलेले असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: बसवू नकोस.

.३१५ म्हणजे आपली ईशापूरची रायफल. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठच्या या कारखान्यात १९०४ पासून रायफली बनू लागल्या. लष्कराची .३०३ काडतुसं नागरिकांना वर्ज्य होती, म्हणून त्याच ली-एनफिल्ड बोल्टवर आठ मिलिमीटरचं वेगळं काडतूस चालेल अशी शिकारी रायफल निघाली. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. नळीखालचं पुढचं लाकूड वेगळं आणि खांद्याला लागणारं मागचं वेगळं. मागचा तुकडा लांब बोल्टने पोलादी खोबणीत आवळलेला असतो. बाजारातल्या बहुतेक चासी रेमिंग्टन ७०० सारख्या एकसंध दस्त्याच्या रायफलींसाठी कापलेल्या असतात. ली-एनफिल्डची बॉडी त्यात बसत नाही. बसवायचीच म्हटली तर पोलाद घासावं लागेल, आणि असं काम शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाकडूनच करून घ्यावं लागतं. एवढा खटाटोप करून हाती येते ती जास्त वजनाची रायफल, आणि मूळ ईशापुरी बंदूक कायमची गेलेली असते.

अडचण लाकडाची आहे, हे मी नाकारत नाही. बंगालच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं. गोळी सुटताना बसणारा झटका पुढच्या लाकडातल्या दोन खाचा पेलतात. त्या खाचा सैल झाल्या की नेम पसरतो. लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरने पुढच्या तुकड्यात आडवा स्क्रू घातला. जगभरचे जुन्या रायफलींचे जाणकार आजही त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. त्या खाचांत नीट बेडिंग करून घ्या, म्हणजे पोलाद लाकडात घट्ट बसेल, आत-बाहेर जवसाचं तेल जिरवा, पावसाळ्याआधी स्क्रू तपासा. आणि सुटी करताना पुढचं लाकूड आधी काढा. जुन्या ली-एनफिल्डमध्ये मागचा बोल्ट आधी फिरवला, तर पुढचं लाकूड चिरतं.

पण चासी की लाकूड या वादात कोणी खांदा मोजतच नाही, याची मला खरी चीड आहे. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर नेमबाजाच्या हाताला जुळायला हवं. गाल लाकडावर टेकला की डोळा आपोआप साइटच्या रेषेत यावा. मी कोल्हापूरची, उंची पाच फूट. वडिलांची .३१५ माझ्या हातात आली तेव्हा दस्ता लांब पडायचा, मान पुढे ताणावी लागायची. कोलकात्यातल्या लालबाजारजवळच्या एका जुन्या कारागिराने तो अर्धा इंच कमी केला आणि टोकाला रबरी पॅड बसवलं. त्यानंतर ती रायफल माझी झाली. नेमबाज स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारातल्या रायफलीवर गालाची उंची आणि दस्त्याची लांबी दोन्ही बदलता येतात. ही सोय स्पर्धेपुरती का राहावी? रेंजसाठी नवी .२२ घेणाऱ्याने तर चासी जरूर घ्यावी. तिथे पळायचं नसतं, वजन उलट उपयोगीच पडतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण पिकांत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी आपल्या महाराष्ट्रात वनखात्याची परवानगी घेऊन कोणी रात्री बांधाबांधाने फिरतो, तेव्हा त्याच्या हाती हलकी आणि खांद्याला झटकन लागणारी रायफल हवी. न बसणाऱ्या दस्त्याने जनावर जखमी होऊन उसात शिरतं, तडफडून मरतं. मला हे सहन होत नाही.

ली-एनफिल्डचे दस्ते ब्रिटिश सैन्यात चार लांबींत मिळत: लांब, साधा, आखूड आणि बुटक्या सैनिकांसाठी बँटम. प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक, लाकडावर अक्षराचा ठसा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाला जे मिळालं, ते आज पैसे मोजणाऱ्या नागरिकालाही मिळावं. ईशापूरचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे. कंपनीने .३१५ ची नोंदणी घेताना फॉर्मवर गिऱ्हाइकाच्या हाताचं माप विचारावं, किमान तीन लांबींचे दस्ते ठेवावेत आणि जुन्या रायफलींसाठी ते सुटेही विकावेत. बोल्ट एकच आहे, बदलायचं आहे ते फक्त मागचं लाकूड.